उधाणाचा वर्ग

"...मग लोक भरत का नाहीत, बुवा? इतकं सोपं करून दिलंय, तरी?"

विश्राम घाडीने हा प्रश्न सकाळपासून निदान तीनदा विचारला होता. अच्युतबुवा ओसरीवर बसून पत्रावळी लावत होते. त्यांनी एक पान उलटून पाहिलं, बांबूची चोय टोचली आणि दुसरं पान घेतलं.

खाडीच्या वरच्या अंगाला, कातळावर बुवांचा छोटासा मठ. विश्राम तिथला जुना शिष्य. आता तो पुण्यात सॉफ्टवेअर तयार करायचा आणि चांगलं करायचा. ते त्यालाही ठाऊक होतं, जरा जास्तच.

त्याने एक साधन केलं होतं. एखाद्या विषयातलं ज्ञान संगणकाला समजेल असं मांडायचं, म्हणजे कुठली गोष्ट कशाचा प्रकार, कशाचा भाग, कशाशी तिचं काय नातं, हे सगळं जोडून दाखवायचं. अशा मांडणीला ऑन्टॉलॉजी म्हणतात. आजवर ते काम मोठमोठ्या पदव्यावाल्यांचं होतं. विश्रामचं म्हणणं, ज्याला फोन वापरता येतो त्याला हेही जमलं पाहिजे.

म्हणणं सोन्यासारखं होतं, यात वाद नाही.

पहिलं काम त्याने आपल्याच किनाऱ्यावरचं घेतलं. जाळी, मासे, वारे, भरत्या. जुन्या कोळ्यांना जे ठाऊक आहे ते त्यांनी स्वतःच भरायचं. सुरुवातीला सगळ्यांनी हौसेने भरलं. मग एकेकाने फोन बाजूला ठेवला. आता ज्या संस्थेने हे काम दिलं होतं, ती पुढच्या महिन्यात ते गुंडाळायला निघाली होती. संस्थेला दुसरी कामं मिळाली असती. ही जुनी माणसं मात्र एकेक करून जात होती, आणि या एका गोष्टीने विश्रामची झोप उडाली होती.

बुवांनी विचारलं, शेवटी कोण थांबलं?

विश्राम म्हणाला, धर्मीबाई. खाडीपलीकडची म्हातारी कोळीण, तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तिला 'उधाण' भरायचं होतं. साधनाने विचारलं, हे काय आहे? वस्तू, जागा, वेळ की घटना? ती म्हणाली, ते पाणी पण उधाण आणि तो दिवस पण उधाणच. साधन म्हणालं, एकच निवडा. तिने फोन पदराने पुसला, सुनेच्या हातात दिला आणि सुकट वाळत घालायला निघून गेली.

"रिकामं सोडून पुढे जाता येत नाही?" बुवांनी विचारलं.

"नाही. तिथे तांबडा तारा आहे, म्हणजे भरलंच पाहिजे. आधी वर्ग, मग प्रवेश. नाहीतर सगळा घोळ होतो, बुवा."

"छान केलंस."

विश्राम खूश झाला. बुवांनी छान म्हटलं की आपण जरा सावध व्हावं, हे तो पुण्यात राहून विसरला होता.

मठाचा स्वयंपाक बघणाऱ्या काशीताईंनी आतून हाक मारली, "जेवूक चला."

मठातली पंगत लहान. वाटसरू, मठातली माणसं आणि कातळावर गुरं चारणारे दोन-तीन म्हातारे. विश्राम सवयीने स्वयंपाकघरात गेला, फडताळातून तांब्या-भांडं घेतलं आणि जेवणघराच्या दाराशी आला.

दारात बुवा उभे होते. त्यांनी चौकटीवर आडवा हात धरला.

"तू कोण?"

विश्राम हसला. "काय बुवा..."

"शिष्य की पाहुणा?"

"शिष्य."

"शिष्य इथे राहतात. तू सकाळी आलास, संध्याकाळी जाणार."

"बरं, मग पाहुणा."

"पाहुण्याला तांब्या कुठे असतो ते ठाऊक नसतं."

आत भात वाढला जात होता. कुळथाच्या पिठीचा वास दारापर्यंत आला. गुरं चारणारे म्हातारे मान वळवून बघत होते, त्यांतला एक गालात हसत होता. विश्रामच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"दोन्ही म्हणा," तो म्हणाला.

"एकच निवड."

"मग रिकामं सोडा, बुवा."

"रिकामं सोडून पुढे जाता येत नाही."

विश्रामने तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

बुवांचा हात चौकटीवरच होता. त्या वयातही कोपरात वाकला नाही.

आधी विश्रामला राग आला. चांगला चाळिशीचा माणूस, त्याला चारचौघांत पोरासारखं उभं करायचं म्हणजे काय? काहीतरी टोचून बोलावं म्हणून त्याने मान वर केली, आणि बुवांच्या खांद्यावरून त्याला पंगत दिसली. पान सगळ्यांसमोर होतं. कोपऱ्यात एक अनोळखी माणूस बसला होता, धुळीने माखलेला, भुकेला. काशीताई त्याला न विचारता भातावर पिठी ओतत होत्या.

आणि विश्रामला ते आठवलं. इतकी वर्षं आठवलं कसं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

बारावी नापास झाला होता तो. बापाने घराबाहेर काढलं होतं, की तोच निघाला होता, ते त्याला आजही नीट सांगता येत नाही. चालत चालत कातळावर पोचला होता. कुणीतरी त्याच्यासमोर पान मांडलं. तू कोणाचा, कुठला, कशाला आलास, काहीच कुणी विचारलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर त्याला सांगताही आलं नसतं, आणि तो मुकाट्याने परत फिरला असता. कुठे, ते देव जाणे. नाव विचारलं गेलं ते चार-दोन दिवसांनी, तेही विहिरीवर पाणी ओढताना, सहज. पुढे त्या मठातच तो राहिला, पुन्हा परीक्षेला बसला, शिकला आणि माणसांत आला.

त्याचे डोळे भरून आले. लाज होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी होतं. आपल्याला त्या दिवशी कुणी अडवलं नाही, एवढ्यावर आपलं सगळं उभं आहे, हे त्याला कळलं आणि त्याने दारातच हात जोडले. तांब्या मध्ये आल्यामुळे ते नीट जुळले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

बुवांनी हात काढला.

"बस. पिठी निवते आहे."

विश्राम मिळेल त्या जागी बसला. तो दोनदा भात मागून जेवला.

जेवण होताच त्याने ओसरीवर लॅपटॉप उघडला. तांबडा तारा काढायला फारसा वेळ लागला नाही. मग त्याने धर्मीबाईंना फोन लावला आणि म्हणाला, आजी, उधाण भरा. कशात, ते नंतर बघू. ते कशाकशाबरोबर येतं, तेवढंच सांगा.

मग धर्मीबाई बोलू लागल्या. पुनव-अवस, वर ओढलेल्या होड्या, खाडीच्या तोंडाशी उलटणारं पाणी, त्या दिवसांत लावायची आणि न लावायची जाळी... विश्राम लिहीत होता. एका गोष्टीतून दुसरी निघत होती, आणि प्रत्येक गोष्ट आपली नाती स्वतःच सांगत होती. ऊन ओसरीवरून खाली उतरलं तरी आजी थांबल्या नव्हत्या. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, उद्या परत कर, वाऱ्यांचं राहिलंय.

संस्था काय ठरवील ते त्याला ठाऊक नव्हतं. पण आता तिच्यासमोर ठेवायला त्याच्याजवळ काहीतरी होतं, आणि छाती हलकी झाली होती.

निघताना त्याने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बुवा, तुमचे उपकार..." मग त्याने डोळे पुसले आणि इतकी वर्षं न सुचलेला प्रश्न विचारला.

"त्या दिवशी तुम्ही मला काय समजून आत घेतलंत?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

"अजून ठरवलेलं नाही."