चमचाभर तुपाची नानखटाई

केळीच्या बागेपलीकडे, लालचुटुक कौलांच्या इवल्याशा घरात शेवंती राहायची. तिचे बाबा नानखटाई भाजायचे. अहाहा, काय ती नानखटाई! जिभेवर ठेवली की विरघळायची. पण बाबा आजारी पडले, भट्टी विझली आणि घरात भाकरी-मिठावर भागवायची वेळ आली. त्यात वैद्यबुवांनी बजावलं, "तूप दिवसाला चमचाभर, जास्त नाही!"

तेव्हापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. "तूप नाही, तर नानखटाई कसली? आणि नानखटाई नाही, तर मी कशाला?" असं म्हणून ताट परत पाठवायचे. 

शेवंतीने चमचाभर तुपात नानखटाई करून पाहिली. झाला दगड! कावळ्यानेसुद्धा चोच मारून सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी ती केळीचं पान आणायला बागेत गेली. मांजर चाटेल म्हणून तुपाची वाटीही सोबत घेतली. बघते तर काय, बोटाएवढी परी! मोरपिशी झगा, चंदेरी पंख, आणि पंख केळीच्या चिकात घट्ट अडकलेले.

"ओढू नकोस गं, फाटतील," परी मुसमुसली.

चीक तुपाने सुटतो, हे शेवंतीला ठाऊक होतं. पण हे तर बाबांच्या वाटणीचं! तिचा जीव तीळ तीळ तुटला. तरी तिने सगळं तूप त्या नाजूक पंखांना हळूहळू चोळलं.

परी भुर्रकन उडाली. "माग एक इच्छा! पण आजार मला घालवता येत नाही हं. आणि मागितलेलं बदलता येत नाही."

"तुपाचा रांज..." शेवंतीने पटकन जीभ चावली. बाबांना तूप कुठे चालतं? ती विचार करून म्हणाली, "बाबांना खाता येईल अशी नानखटाई मला शिकव ना."

परीने घडातलं पिकलेलं केळं दाखवलं. "हे कुस्करून घाल, मऊपणा येईल. तूप फक्त वासापुरतं." तिने पंख झटकले, तसं वाटीत चमचाभर सोनेरी तूप जमलं.

शेवंतीने पीठ मळलं, भट्टी पेटवली. खरपूस वास घरभर पसरला आणि बाबांनी कूस बदलली. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. शेवंती श्वास रोखून बघत राहिली.

"वेलदोडा कमी पडलाय, पोरी," बाबा म्हणाले. मग दुसरी नानखटाई उचलली. "आणि भट्टी इतकी तापवतात होय? थांब, उठतो मी."

खिडकीत येऊन बसलेली परी लख्ख सोनेरी उजेडात विरून गेली, तेव्हा दोघांपैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.