कोणतं गाणं गायचं नाही?

नीलगडच्या दरबारात राजकवी विश्वंभरपंत तणतणत आले. "महाराज, ही तुळसा कासारीण बायकांना बांगड्या भरताना माझं गाणं गाते! माझ्या परवानगीशिवाय ते जो गाईल, त्याला हद्दपार करा."

राजाने तुळसाला बोलावून तसा हुकूम ऐकवला. ती हात जोडून म्हणाली, "हुकूम शिरसावंद्य, महाराज. फक्त दवंडीवाल्याला ते गाणं गल्लोगल्ली गाऊन दाखवायला सांगा. नाहीतर कोणतं गाणं गायचं नाही, हे लोकांना कळणार कसं?"

दरबारात हशा पिकला. राजालाही हसू आवरेना. "बोला पंत, पिटायची दवंडी?"

पंत पगडी सावरत पुटपुटले, "नको, महाराज. आपला दवंडीवाला फार बेसूर आहे."

राजाने हुकूम मागे घेतला. तुळसा गाणं गातच बाजारात परतली.