तटामागचा ढीग

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐका.

एका टेकडीवर एक नगर होतं. नगराभोवती काळ्या दगडाचा तट होता, आणि तो इतका उंच की वर बघताना माणसाचं पागोटं मागे पडायचं. पुढच्या बाजूला भलीथोरली वेस, वेशीला लोखंडी खिळ्यांचे दरवाजे. हे दरवाजे एकदा लागले की मुंगीसुद्धा आत शिरत नाही, असं तिथले लोक मोठ्या तोऱ्यात सांगत.

नगराच्या मागच्या अंगाला, तटाला लागूनच आवडाबाईचं घर होतं. आवडाबाई फुटाणे भाजायची. तिच्या भट्टीतून रोज टोपलीभर राख निघायची. सकाळी उठावं, तटाच्या पायऱ्या चढाव्यात, टोपली पलीकडे उपडी करावी आणि हात झटकून कामाला लागावं, हा तिचा रिवाज. त्यात तिला काही वावगं वाटत नसे. सगळेच तसं करत. कुणी खरकटं टाकी, कुणी केळीची सालं, कुणी फुटकी मडकी, फाटक्या गोधड्या, मोडकी जाती. तटापलीकडे पडलं की संपलं! तिकडे वाकून बघायला जातंय कोण? घाणीच्या वासाने पहारेकरीसुद्धा त्या बाजूला फिरकत नसत.

एके दिवशी सकाळीच नगारा झडला. शेजारच्या राजाची फौज नगरावर चालून येत होती. उद्या उजाडता उजाडता ती इथे पोचणार होती! किल्लेदाराने ताबडतोब वेस लावून घेतली. खालच्या वाडीतले शेतकरी गाड्यांतून धान्य आणणार होते, त्यांच्यासाठी दुपारी ती उघडायची, मग पुन्हा बंद.

लोक घाबरले नाहीत. उलट त्यांना चेव चढला. "येऊ दे, येऊ दे! तटावर डोकी आपटतील आणि जातील परत!"

आवडाबाईही त्याच जोरात होती. कंबरेवर राखेची टोपली घेऊन ती तरातरा पायऱ्या चढली आणि वर जाऊन थबकलीच.

तटावर एक शेळी उभी होती. तोंडात फाटक्या गोधडीची चिंधी, आणि मजेत रवंथ चाललेलं.

"अगं बाई! तू कुणाची?" आवडाबाई म्हणाली. त्यांच्या आळीत शेळी कुणाकडेच नव्हती. मग ही आली कुठून? आवडाबाईने नाकाला पदर लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा तटावरून पलीकडे वाकून पाहिलं.

 खाली खोल उतार असायला हवा होता. तिथे होता कचऱ्याचा डोंगर! तो थेट तटाच्या माथ्याला येऊन टेकला होता आणि तिथून ऐसपैस उतरत पायथ्याला गेला होता. जणू कुणी हौसेने रस्ताच बांधून दिला होता.

आवडाबाईने टोपली तिथेच ठेवली, शेळीचे कान धरले आणि ती तिला ओढत वेशीकडे धावली.

"सरकार, मागचा तट गेला! ही शेळी बाहेरून चढून आत आलीय!"

किल्लेदार वेशीवर भाले मोजून घेत होता. तो मोठ्याने हसला. "बाई, शेळ्या उभ्या कड्यावरही चढतात. एका शेळीला भिऊन मी वेशीवरची माणसं हलवू?"

"सरकार, एकदा येऊन डोळ्यांनी बघा तरी."

"मला वेळ नाही. जा, फुटाणे भाजा. उद्या शिपायांना लागतील."

आवडाबाई रडकुंडीला आली. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "माझी शेळी कुणी धरलीया?"

सगळे वळले. एक पाठीत वाकलेली म्हातारी काठी टेकत येत होती.

"कोण गं तू, म्हातारे? कुठल्या आळीची?" किल्लेदाराने विचारलं.

"आळी कसली, बाबा? म्या खालच्या वाडीची. शेळी दिसंना, म्हणून तिच्या मागं मागं आले."

किल्लेदाराने वेशीकडे पाहिलं. अडसर जागच्या जागी होता. "वेस तर बंद आहे. मग आत कशी आलीस?"

"चालत आले की, मागल्या अंगानं. वाट झ्याक हाय. जरा वास मारतोया, तेवढंच."

किल्लेदाराचा चेहरा पांढराफटक पडला. जिथून काठी टेकणारी म्हातारी चढते, तिथून फौज चढायला काय उशीर? तो धावतच मागच्या तटावर गेला, आणि त्याच्यामागे अख्खं नगर गेलं.

 ढीग बघून सगळे एकदमच बोलायला लागले.

"हा आमच्या आळीचा नाही हं!"

"आम्ही कधीतरी एखादी टोपली टाकतो. एवढा आमचा कसा असेल?"

सराफाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "आम्ही तर फक्त फुलांचं निर्माल्य टाकतो, बाई."

कुणी ओरडलं, "पेटवून द्या! एका झटक्यात काम होईल!"

"आणि वारा?" आवडाबाई कडाडली. "वारा आपल्याच छपरांकडे वाहतोय. फौज यायच्या आधी आपणच जळून जाऊ! आणि कुणाचं काय, हे उद्या शत्रू विचारत बसणार आहे का? आधी ढीग तटापासून तोडा!" असं म्हणून तिने आपली राखेची टोपली तशीच ठेवून कुणाची तरी रिकामी टोपली उचलली, पदर खोचला आणि ती ढिगावर उतरली.

"तोडू, पण टाकायचं कुठं?" कुणीतरी विचारलं. प्रश्न खराच होता. इकडचं उचलून तिकडच्या तटाशी टाकलं, तर तिकडे वाट होणार.

म्हातारी ढिगात काठी खुपसून बघत होती. ती म्हणाली, "अरं, वरवरचं सोडलं तर हे सगळं कुजून काळंभोर खत झालंया. आमची शेतं ह्याच्यासाठी आ वासून बसलीत. दुपारी गाड्या धान्य घिऊन वर येतील, त्या रिकाम्या कशाला धाडता? भरून द्या की!"

मग काय विचारता! नगरात जे घडलं ते आधी कधी घडलं नव्हतं. टोपल्या आल्या, घमेली आली, पाळणे आले, जेवणाच्या पराती आल्या. ढिगापासून वेशीपर्यंत माणसांची रांग लागली. कुजलेलं एकीकडे, खापरं आणि दगड दुसरीकडे, चिंध्या तिसरीकडे. आवडाबाई मध्यभागी उभी राहून ओरडत होती, "खापरं गाडीत नको! शेतात बैलांच्या पायांत घुसतील! ती वर तटावर रचा!" सराफाच्या मालकीणबाईंनी नथ काढून कनवटीला लावली आणि त्या रांगेत शिरल्या. किल्लेदार स्वतः कुदळ चालवत होता. शेतकऱ्यांच्या गाड्या धान्य उतरवत आणि खत भरून धडधडत खाली जात. कुणी गाणं म्हणायला लागलं, कुणी थट्टा. वास कुणाच्या ध्यानातही राहिला नाही.

सगळा ढीग एका दिवसात हलणं शक्यच नव्हतं. पण सूर्य मावळताना तटाचा काळा दगड पार पायापर्यंत मोकळा झाला. ढीग आणि तट यांच्यामध्ये खोल दरी पडली. तेव्हा असा जल्लोष उठला की झाडांवरचे कावळे उडाले.

उजाडलं. फौज आली आणि सरळ मागच्या बाजूलाच आली. पुढे घोड्यावर सेनापती, त्याच्याजवळ त्याचा हेर. तट बघून सेनापती गरजला, तो वरपर्यंत ऐकू आला, "कुठे आहे रे तुझी वाट? घोड्यावरून चढता येईल म्हणालास! तुझ्या भरवशावर मी एक शिडीसुद्धा आणली नाही!"

"परवा होती हो, हुजूर," हेर रडवेला होऊन म्हणाला. "आईशप्पथ होती!"

काही शिपाई एकमेकांच्या खांद्यांवर चढून बघायला लागले. त्यांच्यावर वरून फुटक्या मडक्यांचा आणि मोडक्या जात्यांचा वर्षाव झाला. आवडाबाईने आपली राखेची टोपली त्यांच्या तोंडावर उपडी केली. डोळे चोळत, शिव्या देत शिपाई मागे हटले. दुपारपर्यंत फौज आल्या वाटेने परत गेली.

नगरात साखर वाटली, पंगती उठल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असेल? लोक उष्ट्या पत्रावळी घेऊन तटाच्या पायऱ्या चढायला लागले! हाताची सवय ती, फौजेपेक्षा चिवट.

पायऱ्यांवर आवडाबाई आडवी उभी होती. शेजारी किल्लेदार होता आणि खाली बैलगाडी.

"उद्यापासून ही गाडी आळीआळीतून फिरेल," किल्लेदाराने सांगितलं. "बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की दारात यायचं. ओलं वेगळं, कोरडं वेगळं, राख वेगळी. तटावरून जो टाकेल, त्याने ते डोक्यावरून वाडीतल्या शेतापर्यंत पोचवायचं. गाडीचा कारभार आवडाबाई बघतील."

"आम्ही काय गाडीची वाट बघत दारात तिष्ठायचं?" सराफाच्या मालकीणबाई कुरकुरल्या.

"गाडी दाराशी येईतो थांबा, बाईसाहेब," आवडाबाई हसून म्हणाली. "परवा दिवसभर कंबर मोडली, त्यापेक्षा बरं की नाही?"

मालकीणबाईंनाही हसू आलं. त्यांनी पत्रावळी गाडीत ठेवल्या. त्यांच्यामागून एकेक जण पायऱ्या उतरला.

चुकार लोक दोनचार निघालेच. भर बाजारातून डोक्यावर कचरा घेऊन वाडीपर्यंत जावं लागलं, तशी त्यांची खोड मोडली. हळूहळू उरलेला ढीगही शेतांत गेला. त्या वर्षी वाडीत अशी वांगी लागली की झाडं वाकली, आणि ती वांगी टोपल्या भरभरून नगरातच विकायला आली. तटाच्या मागच्या अंगाला पहारेकरी फिरू लागले. तिथे आता वारा चांगला लागायचा.

म्हणून लक्षात ठेवा: दाराबाहेर भिरकावलेला कचरा नाहीसा होत नाही, तो संकटाला घरात यायची वाट बांधून देतो, पण तोच कचरा ज्याने त्याने सांभाळून योग्य हाती दिला, तर सगळ्यांच्या ताटात अन्न होऊन परत येतो.