चौफुल्यावर आधी कोण?

लहानांनो, थोरांनो, ऐका. फार फार जुन्या काळी एका माळावर दोन गावांच्या वाटा एकमेकींना छेदून जात. त्या चौफुल्यावर निवडुंग माणसापेक्षा उंच माजला होता. आडव्या वाटेने येणारी गाडी तोंडाशी आल्याशिवाय दिसत नसे. ऐकू येत ते फक्त बैलांच्या गळ्यातले घुंगरू.

अशा जागी गाडी आवरावी, हे कुणालाही कळेल. पण दुसऱ्या गावाच्या गाडीला आधी जाऊ दिले, तर आपल्या गावाचे नाक कापले गेले, असे दोन्ही गावे मानत. घुंगरू वाजले की गाडीवान बैल आणखी पळवत. मागच्या सुगीत दोन गाड्या धडकल्या, एक बैल कायमचा लंगडा झाला. तरी पारावर वाद एकच, आधी कोण पोचला होता!

मल्हारी गाडीवान तर या बाबतीत सगळ्यांच्या वर. त्याने आजवर कुणालाही वाट दिली नव्हती.

एका सकाळी त्याच्या लेकीला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण पोर, माहेरी आलेली. सुईण राहायची दुसऱ्या गावात, चौफुल्यावरून वळून पुढे. मल्हारीने गाडीत पेंढा पसरला, लेकीला निजवले, बायकोला तिच्या उशाशी बसवले आणि बैल जुंपले.

चौफुला जवळ आला आणि आडव्या वाटेने घुंगरू वाजले. सवयीने मल्हारीचा आसूड वर गेला. बैलही सवयीने उधळले.

"बाबा, सावकाश!" लेक कण्हली.

आसूड हवेतच राहिला. धडक बसली तर काय होईल, हे मल्हारीच्या डोळ्यांपुढे आज पहिल्यांदा उभे राहिले. त्याने दोन्ही हातांनी कासरा ओढला. बैल फुरफुरत थांबले.

निवडुंगाआडून दुसऱ्या गावच्या येसबाची गाडी भरधाव आली. मल्हारीला थांबलेला पाहून येसबा इतका चकित झाला, की त्यानेही गाडी आवरली.

"काय मल्हारराव, बैल दमले वाटतं?"

मल्हारीचे कान तापले. उद्या गावभर हसू होणार, हे त्याला कळत होते. तरी तो म्हणाला, "तू हो पुढे, येसबा. लेकीला कळा येताहेत. सुईणीकडे निघालोय."

येसबाच्या गाडीतून एका म्हातारीने डोके बाहेर काढले. "सुईणीकडे? अरे, मीच ती! बाजाराला निघाले होते. घरी तुला कुणी भेटलंच नसतं."

ती लगबगीने या गाडीत चढली. मल्हारीने गाडी बाभळीच्या सावलीला घेतली, येसबा ओढ्यावरून पाणी घेऊन आला. दिवस माथ्यावर यायच्या आत मल्हारीला नात झाली. पोरीचे रडणे ऐकून दोघे गाडीवान खुळ्यासारखे हसत सुटले.

पुढे त्या दोघांनी मिळून चौफुल्यावरचा निवडुंग तोडला. तिथे आले की ते गाडी थांबवत, हाक देत, आणि आधी आलेल्याला आधी जाऊ देत. सुरुवातीला लोकांनी थट्टा केली. मग थट्टा करणाऱ्यांच्याही घरच्या बाया म्हणू लागल्या, "आमची गाडीसुद्धा तशीच हाका." हळूहळू सगळेच थांबू लागले, आणि त्या चौफुल्यावर पुन्हा कुणाची गाडी धडकली नाही.

तात्पर्य: चौरस्त्यावर घटकाभर थांबून वाट देणारा हरत नाही, तो स्वतःलाही घरी पोचवतो आणि समोरच्यालाही.