दोनशे अकरा बार

"पण ऐकलीत तरी का, मास्तर? एवढंच सांगा."

"ऐकली."

"पूर्ण?"

"दोनशे अकरा बार."

वल्लरी पाटणकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची 'वणवा' ही रचना तीनशे चार बारांची होती. बार म्हणजे तालाचं एक घर. चार मात्रा मोजल्या की एक घर संपतं आणि दुसरं लागतं. घरं मोजत मोजत हा माणूस ऐन दाराशी गेला आणि तिथून परत फिरला?

"दोनशे बाराव्याला काय आहे, माहीत आहे तुम्हाला? तिथंच तर सगळं आहे! तिथं झांजा वाजतात आणि वणवा पेटतो. त्याच्या आधीची सगळी नुसती वाळलेली पानं आहेत."

"कागदावर वाचलं मी ते," इनास मास्तर म्हणाले, आणि मांडीवरचा कॉर्नेट, आपला आखूड पितळी कर्णा, फडक्यानं पुसत राहिले.

मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नौदलाच्या बँडमध्ये आयुष्य गेलं, आता वसईजवळच्या गासगावी राहत होते. गावात ज्याला म्हणून स्वरलिपी वाचता येत होती, त्याला ती त्यांनीच शिकवलेली. म्हणून तर वल्लरीनं महिन्यापूर्वी आपल्या तीन रचना बांधून त्यांच्या ओटीवर आणून ठेवल्या होत्या. मोबाइलवर ध्वनिमुद्रणही पाठवलं होतं. अभिप्राय द्या, म्हणाली होती.

तसा तिनं अभिप्राय चाळीसेक जणांकडे मागितला होता. बहुतेकांनी मोबाइलवर अंगठा पाठवला. अंगठा! सहा वर्षांच्या कामाला एक पिवळा अंगठा.

मास्तरांनी तोही पाठवला नव्हता.

"ते जाऊ दे," वल्लरी म्हणाली, आणि ते जाऊ द्यायची तिची मुळीच तयारी नव्हती. "मी आज त्यासाठी नाही आले. तुमच्या माणसांनी काय केलं, कानावर आलं का?"

"तूच सांग."

मग तिनं सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसायला सांगूनही ती बसली नव्हती.

सहा वर्षं तिची वाद्यं कॉम्प्युटरमध्ये वाजली. कॉम्प्युटरमधलं व्हायोलिन दमत नाही, चहाला उठत नाही. आता पहिल्यांदाच हाडामांसाची बेचाळीस माणसं 'वणवा' वाजवणार होती, येत्या रविवारी, भरल्या सभागृहात. आणि परवाच्या दुसऱ्या तालमीत बस्त्याव मच्याडो नावाच्या म्हाताऱ्यानं झांजा खाली ठेवल्या, टोपी घातली आणि एक शब्द न बोलता तो निघून गेला.

"सबंध रचनेत त्यांना एक ठोका आहे. एक! बाकी वेळ नुसतं बसायचं. फुकटची खुर्ची. आणि त्यांच्यामागं एकेचाळीस जण उठून चालते झाले. मला कारणही सांगितलं नाही कुणी. ही काय रीत झाली? मी वयानं लहान आहे म्हणून? बाई आहे म्हणून?"

मास्तरांनी फडक्याची घडी उलटली.

"उद्या संध्याकाळपर्यंत माणसं परत आली नाहीत, तर आयोजक 'वणवा' कार्यक्रमातून काढणार आहेत. सगळे तुमच्या हाताखाली शिकलेले. तुम्ही एक शब्द टाका, मास्तर. चूक त्यांची आहे, एवढंच त्यांना सांगा."

"थांबवलं होतंस का तालमीत?"

"थांबवणार नाही तर काय करणार? दोनशे अकराव्या बारला व्हायोलिनं वर चढायची. दर वेळी! बेसूर कसं चालवून घेऊ? मी थांबवायचे आणि पहिल्यापासून घ्यायचे."

"पहिल्यापासून?"

"वणवा मधूनच कुठून तरी पेटत नाही," वल्लरी ताठ मानेनं म्हणाली. हे वाक्य तिला फार आवडायचं. तालमीतही तिनं ते दोनदा ऐकवलं होतं.

"किती वेळा घेतलं?"

"दोन तालमींत मिळून नऊ वेळा."

मास्तरांनी कॉर्नेट बाजूला ठेवला. बाकावर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते उचलून तिच्या पुढ्यात धरलं. टॉवेल सुटला. आत परातीएवढ्या दोन पितळी झांजा होत्या, चामड्याच्या मुठींना घामाचे जुने डाग.

वल्लरीनं त्या ओळखल्या.

"घरी जाताना इथं ठेवून गेला," मास्तर म्हणाले. "बस. लाव तुझं ते मोबाइलवरचं."

"म्हणजे मी…"

"तू बस्त्याव. मोबाइल माझ्याकडे दे. ठोका द्यायचा, मग सांगतो कसं आहे ते."

आता एवढंच राहिलं होतं! पण अभिप्राय मिळेल या आशेनं ती खुर्चीत बसली. झांजा मांडीवर घेतल्या, तर मांडी दबली. इतक्या जड असतात हे तिला ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये त्यांना वजन नसतं.

रचना सुरू झाली. वल्लरी मनात मोजू लागली. एक… दोन… तीन…

साठाव्या बारला बासऱ्यांची जागा आली. फार सुरेख लिहिली होती तिनं. ती त्यात रमली, आणि भानावर आली तेव्हा अठ्ठ्याहत्तर की ऐंशी, काही कळेना. स्वतःचीच रचना, आणि त्यात ती वाट चुकली.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

तिनं बोटांकडे पाहिलं.

"परत पहिल्यापासून."

चूक आपली, म्हणून तिनं निमूट पुन्हा एकपासून धरलं. दुसऱ्या वेळी बोटं दाबून दाबून मोजलं. बासऱ्यांकडे लक्ष दिलं नाही, चेलोंकडे दिलं नाही. कुणी हाक मारली असती तरी ओ दिली नसती. एकशे शहाण्णवला मास्तरांनी स्वरलिपीच्या कागदावर बोट ठेवलं.

"इथं तू लिहिलंयस. 'झांजा आतापासून डोक्यावर, सर्वांना दिसतील अशा.'"

लिहिलं होतं खरं. प्रेक्षकांच्या छातीत धडकी भरावी म्हणून. ती उठली आणि झांजा वर धरल्या. पहिले चार बार काही वाटलं नाही. आठव्याला खांदे भरून आले. बाराव्याला मनगटं थरथरू लागली. हे पाऊण मिनिट एकाहत्तर वर्षांच्या माणसासाठी लिहिलं आहे, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं आणि तिनं ते लगेच झटकलं, कारण आकडा चुकला असता. दोनशे नऊ… दहा… अकरा…

मास्तरांनी बोटानं आवाज बंद केला.

"व्हायोलिनं वर चढली. परत पहिल्यापासून."

"कॉम्प्युटरची व्हायोलिनं कशी चढतील?"

"परत."

"मास्तर, मला चांगलं ऐकू येतंय, ती सुरात होती!"

"तुला कोण विचारतंय? तू झांजवाला. बस."

ती बसली. रागानं नाकपुड्या फुलल्या होत्या. हट्टानंच बसली, की या खेपेला ठोका देणार आणि असा देणार की यांच्या कौलांवरचे कावळे उडाले पाहिजेत. पुन्हा नऊ मिनिटं मोजली. पुन्हा उठली. पुन्हा झांजा वर गेल्या. दोनशे दहा… दोनशे अकरा… दोन्ही हातांत तो ठोका येऊन बसला होता, सुटायच्या बेतात…

आवाज बंद.

"परत पहिल्यापा…"

"नाही!" वल्लरी किंचाळली. "नाही बसणार मी! काय चेष्टा लावली आहे? माझा ठोका राहिलाय! इतकं मोजून, इतकं धरून, माझ्या तोंडातला घास काढता? मी काय फर्निचर आहे? माझा एकच आहे, तोही देऊ देत नाही तुम्ही!"

शेजारच्या वाडीतला पाण्याचा पंप तेवढा चालू होता.

झांजा अजून तिच्या डोक्यावर होत्या. बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपलं मोजणं थांबलेलं नाही. दोनशे एकोणीस… दोनशे वीस… नको म्हटलं तरी आत कुणीतरी मोजतच होतं.

तिनं हात हळूहळू खाली घेतले. झांजा एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये ओढणीचा पदर सरकवला. तोंड लाल झालं होतं, आणि आता ते रागानं झालं होतं असं कुणी म्हटलं नसतं.

ती म्हणाली, "बस्त्यावकाका… कुठं राहतात?"

"विहिरीपलीकडे. निळा दरवाजा."

तिनं झांजा टॉवेलात गुंडाळल्या. उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. सहा वर्षांची सवय अशी एका दुपारी जात नाही.

"आणि माझी रचना, मास्तर? ती कशी आहे, ते तुम्ही सांगितलंच नाही."

मास्तरांनी कॉर्नेट पुन्हा मांडीवर घेतला.

"पोरी, आधी तिकडे पोच," ते म्हणाले. "तो अजून मोजतोय."