हैबतरावांचा हात आणि चावरा ससा

एका गावात भांडणं पुष्कळ होती आणि ती मिटवणारा माणूस एकच होता. त्यांचं नाव हैबतराव. गाव त्यांना आबा म्हणे. तंटे मिटवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. समितीत आणखीही माणसं होती, पण ती चहापुरती.

आबांची पद्धत ठरलेली होती. चावडीच्या ओट्यावर खुर्ची, खुर्चीवर आबा, आणि भांडणारे दोघे खाली सतरंजीवर. दोघांचं थोडं बोलणं होई, फार नाही. मग आबा उठत, दोघांच्या डोक्यांवर एकेक हात ठेवत आणि म्हणत, "झालं. मिटलं." वडीलधाऱ्याचा हात डोक्यावर असताना तोंड उघडायची गावात रीत नव्हती. त्यामुळे आवाज बंद होई. आवाज बंद झाला की तंटा मिटला, असं समितीने धरलं होतं.

त्या वर्षी तालुक्याहून निरोप आला. ज्या गावात एकही तंटा शिल्लक नसेल, त्या गावाच्या वेशीवर 'शांत गाव' अशी पाटी लागणार होती. पाटीखाली अध्यक्षांचं नाव कोरलं जाणार होतं. दिवाळीनंतर पाहुणे पाहणीला येणार होते. मिटवलेला एखादा जरी तंटा पुन्हा वर आला, तर पाटी नाही. आबांनी वेशीवरची जागा पाहून ठेवली. एका बाभळीच्या फांद्या आड येत होत्या, त्या छाटून घेतल्या.

अशात सशाचं प्रकरण आलं.

ससा एकनाथ जीपवाल्याचा. मुलीच्या हौसेसाठी त्याने तो बाजारातून आणला होता. मुलगी लग्न होऊन गेली, ससा राहिला. तो कुंपणाखालून शेजारच्या तुळसाबाईच्या परसात जाई आणि कोथिंबीर खाई. तुळसाबाईचा नवरा वारला होता. परसातली भाजी विकून तिचं घर चाले. ती चावडीवर आली.

"आबा, ससा पाळायचा तर त्यानं बांधून पाळावा," ती म्हणाली.

"ससा काय म्हैस आहे बांधायला?" एकनाथ म्हणाला. "तिला कुंपण नीट करायला सांगा."

"कुंपणाचं नाव तू घेतोस? तू?" तुळसाबाईचा आवाज चढला. तिला पुढे काही बोलायचं होतं. एकनाथलाही काही बोलायचं असावं, कारण त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं. पण तोवर आबांचे हात दोघांच्या डोक्यांवर पोचले होते.

"झालं. मिटलं," आबा म्हणाले. "ससा मी सांभाळतो. खाणारा नाही, तर भांडण कशाचं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी सशाचं नाव शांताराम ठेवलं. पाहुणे आले की ससा मांडीवर घेऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, म्हणजे वेगळं भाषण करायला नको, असा त्यांचा बेत होता.

घरी आल्यावर आबांनी पहिलं काम केलं ते शांतारामच्या डोक्यावर हात ठेवण्याचं. शांताराम अंगठ्याच्या बेचक्यात कडकडून चावला.

आबांचा हात आजवर कोणी असा परत पाठवला नव्हता. त्यांनी हाताकडे पाहिलं.

"अजून ओळख नाही," ते म्हणाले.

"त्याला झालेली दिसतेय की," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्या आबांच्या पत्नी. गावात ज्यांच्या डोक्यावर आबांनी कधी हात ठेवला नव्हता, अशा त्या एकट्याच. तेवढी हिंमत आबांना झाली नव्हती.

शांतारामने खाटेखालची जागा ताब्यात घेतली. खाट आबांची होती, पण खालचा भाग आता त्यांचा राहिला नाही. हात आत गेला की तो कान मागे टाकी, घशातून गुरगुरे आणि पुढच्या दोन्ही पायांनी ठोसे मारी. हात तरीही पुढे आला तर चावे. मग मागचा पाय जमिनीवर आपटी. चावडीवर आबा काठी आपटत, साधारण तसाच आवाज येई.

उपाय झाले. आबांनी त्याला एक दिवस उपाशी ठेवलं. त्या दिवशी त्याने पाहणीसाठी आणलेल्या नव्या फेट्याचा शेमला खाल्ला. सुलोचनाबाईंनी शेजारणीच्या आग्रहाखातर त्याची दृष्ट काढली. ओवाळलेल्या मिरच्या आणि मीठ सोडून त्याने ओवाळणारा हात तेवढा धरला. आबांनी त्याला चावडीवरच्या आवाजात समज दिली. त्याने कान मागे टाकले आणि वाट पाहिली.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

"वयात आलाय," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करून घ्या. जिल्ह्याला होतं. अर्धा राग जाईल."

"आणि बाकीचा अर्धा?"

"तो कशाचा आहे ते तुम्ही बघा, आबा. माझं शिक्षण म्हशींवर झालंय."

ऑपरेशन झालं. हळूहळू अर्धा राग खरोखरच गेला. पूर्वी तो येताजाता पायाला धरत असे. आता फक्त हात वरून आला की चावे. पण आबांना नेमका तोच हात ठेवायचा होता.

पाहणी जवळ आली. समितीचा सचिव दशरथ सल्ला घेऊन आला. सल्ला देणं एवढंच त्याचं काम होतं आणि ते तो मन लावून करी.

"आबा, एकनाथला परत द्या."

"परत दिला तर तंटा उघडा पडेल. पाटी गेली."

"मग पाहणीपुरता ठेवा आणि नंतर ओढ्यापलीकडे सोडून द्या. त्याचं तो बघेल."

ओढ्यापलीकडे गावची कुत्री असत. घरात वाढलेल्या सशाचं तिथे कोण बघेल हे दशरथला ठाऊक होतं. आबांनाही ठाऊक होतं.

"पाहणी होऊ दे, मग बघू," आबा म्हणाले.

तेवढ्यापुरता तरी ससा मांडीवर बसायला हवा होता. आबांनी हाताला टॉवेल गुंडाळला, खाटेपुढे वाकले आणि झडप घातली. शांताराम बाजूला झाला. आबांच्या पाठीतून कळ गेली. ते वाकलेले होते तसेच राहिले. सुलोचनाबाईंनी त्यांना आडवं केलं.

माणसांच्या डॉक्टरांनी खाट बंद केली. गादी बंद केली. जमिनीवर चटई टाकून पडून राहायचं, उठायचं नाही, वाकायचं नाही.

अशा रीतीने आबा खाली आले.

चटईवरून खाटेखालचं सगळं दिसत होतं. शांताराम समोरच बसला होता. त्याने पाय आपटला आणि हात येण्याची वाट पाहिली. हात आला नाही. आबांना तो उचलताच येत नव्हता. काही करता येत नाही म्हणून आबांनी काही केलं नाही. दोघांनाही हे नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी शांताराम बाहेर आला. त्याने आबांचा कान हुंगला आणि परत गेला. मग तो रोज येऊ लागला. आबांच्या कोपराला त्याने आपली हनुवटी घासली.

"तुमच्यावर सही केली त्यानं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आता तुम्ही त्याचे."

एका दुपारी त्याने मान खाली घातली आणि कपाळ आबांच्या बोटांपाशी आणून ठेवलं. आबांनी समोरून एक बोट पुढे केलं आणि कपाळावर हळूच खाजवलं. शांतारामने डोळे अर्धे मिटले आणि बारीक आवाजात दातावर दात घासले. आबांना वाटलं, आता चावणार. तो चावला नाही. तो तिथेच अंग टाकून पसरला.

तेवढ्यात दशरथ भेटायला आला. तो चटईच्या कडेला उभा राहिला.

"आबा, काळजी करू नका. सगळं ठीक होईल," असं म्हणून तो वाकला आणि त्याने आबांच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला.

आबांनी तो हात खालून पाहिला. छताकडून एक मोठी काळी आकृती अंगावर उतरत होती. मागे खिडकीचा उजेड होता, त्यामुळे तिला चेहरा नव्हता. पाच बोटं फाकलेली होती. आबांनी मान वळवली आणि कोपर तोंडापुढे घेतलं. त्याच क्षणी शांताराम खाटेखाली गेला.

"काय झालं, आबा?"

"काही नाही. हात आला."

"आशीर्वादाचाच होता."

"असेल. खालून कळत नाही."

दशरथ गेल्यावर आबा पडून राहिले. दुसरं काम नव्हतं, म्हणून ते विचार करू लागले. असा हात आपण गावातल्या बहुतेक डोक्यांवर ठेवला आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. हात आला तेव्हा तुळसाबाईचं वाक्य अर्धं होतं, हेही आठवलं. तेव्हा ते त्यांना तंटा मिटल्याचं लक्षण वाटलं होतं.

त्यांनी तुळसाबाई आणि एकनाथला घरी बोलावलं. आबा चटईवर होते, त्यामुळे ते दोघेही जमिनीवरच बसले. कोणीच उंचावर नव्हतं.

"तुळसे, त्या दिवशी कुंपणावरून तू काय बोलणार होतीस?"

"जाऊ द्या, आबा. मिटलं ना ते."

"मिटलेलं नाही. बोल."

तुळसाबाईने पदर सारखा केला. "कोथिंबिरीचं काय, चार काड्या. कुंपण आमचे हे घालायचे. ते गेले, म्हणून ते मोडलं. हा शेजारी असून त्यांच्या मातीला आला नाही. आणि वर मलाच म्हणतो, कुंपण नीट कर."

एकनाथ जमिनीकडे पाहत बोलू लागला.

"आलो होतो," तो म्हणाला. "दारापर्यंत. आदल्या दिवशी तू हाक मारलीस, त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणून, आणि माझी जीप चालू झाली नाही. ते तोंड घेऊन आत पाऊल टाकवेना."

"मला कुठं सांगितलंस हे?"

"चावडीवर सांगणार होतो. तेवढ्यात आबांचा हात आला."

सुलोचनाबाईंनी आणलेला चहा निवला. कोणी तो उचलला नाही. तुळसाबाई रडली, मग रागावली, मग जीपला नावं ठेवू लागली. एकनाथनेही जीपला नावं ठेवली. आबा "झालं" म्हणाले नाहीत, कारण झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकनाथ कुंपण घालायला गेला. तुळसाबाई शेजारी उभी राहून त्याचा प्रत्येक खांब वाकडा आहे असं सांगत होती. आवाज पार चावडीपर्यंत येत होता.

ही बातमी फिरली. ज्यांचे तंटे मिटले होते, ती माणसं एकेक करून येऊ लागली. आमचंही अर्धंच राहिलंय, असं म्हणू लागली. आबा हिंडूफिरू लागल्यावर त्यांनी चावडीवरची खुर्ची हटवली आणि ते भिंतीला पाठ लावून सतरंजीवर बसू लागले. गावात आवाज वाढला.

पाहणीच्या दिवशी सकाळी दशरथ घामाघूम होऊन आला.

"आबा, एवढा आजचा दिवस सगळ्यांना गप्प करा. तुमच्या हाताला अजून मान आहे. एकदा फिरवा, संध्याकाळपर्यंत कोणी बोलणार नाही."

ते खरं होतं. आबांनाही ते माहीत होतं. त्यांनी आपला हात उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या बेचक्यात दातांचा व्रण होता.

"नको," ते म्हणाले.

पाहुणे आबांच्या घरी आले. मुख्य साहेबांनी चहा घेतला आणि विचारलं, "तंटे शिल्लक आहेत का?"

"सगळे मिटवले होते," आबा म्हणाले. "आता ऐकायला घेतलेत. वेळ लागेल."

साहेबांना उत्तर कळलं नाही, पण त्यात 'नाही' हा शब्द नव्हता एवढं कळलं. सशाची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती; विषय बदलावा म्हणून ते उठले. "हाच का तो ससा?" असं म्हणत त्यांनी वरून हात खाली नेला. आबांनी त्यांचं मनगट मध्येच धरलं.

"साहेब, आधी खाली बसा."

साहेबांच्या पँटला इस्त्री होती. ते बसले नाहीत. शांताराम खाटेखाली गेला आणि साहेब गाडीकडे गेले.

पाटी शेजारच्या गावाला मिळाली. पाहुण्यांना तिथे एक आवाज ऐकू आला नाही. त्या गावात बरेच दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

संध्याकाळी आबा जमिनीवर बसले होते. त्यांनी हात चटईवर ठेवला, तळवा खाली, आणि तो तसाच राहू दिला. शांताराम बाहेर आला. इकडेतिकडे फिरला. मग त्याने नाकाने ढकलून आपलं डोकं आबांच्या हाताखाली घातलं.

"काय?" सुलोचनाबाईंनी विचारलं. "मिटलं का?"

"बघू," आबा म्हणाले. "आज त्याचं असं म्हणणं दिसतंय."

दशरथला मात्र शांताराम अजून चावतो. दशरथ अजून उभ्यानेच येतो.

तात्पर्य: ज्याच्या डोक्यावर मायेने हात ठेवायचा, त्याला तो हात कसा दिसतो हे आधी त्याच्या शेजारी बसून पाहावं, आणि त्यासाठी पाठ धरायची वाट पाहू नये.