दुधाच्या यंत्रातली म्हैस

शिरोलीच्या कारखान्यात दुधाच्या पिशव्या उचलणाऱ्या यंत्राचं डिझाइन तयार झालं होतं. मालक मगदूम अण्णांनी सही केली, की लोखंड कापायला जाणार. कॉम्प्युटरवर यंत्राचा हात झोकात फिरत होता आणि खाली हिरवी अक्षरं झळकत होती : टक्कर शून्य.

नवी डिझायनर शर्वाणी मात्र पडद्यावर यंत्रामागच्या खांबाकडे बघत होती. हात मागे वळताना खांबावर आदळणार, असं तिला राहून राहून वाटत होतं.

"सर, तपासणीत सगळे भाग घेतलेत ना?"

डिझाइनप्रमुख इनामदार उखडले. "मला शिकवतेस? माझ्या तपासणीतून केससुद्धा सुटत नाही! अण्णा, तुम्ही करा सही."

अण्णांनी पेन उघडलं. आता वाद घालत बसायला वेळ नव्हता.

"अण्णा, एकच मिनिट!" शर्वाणीनं कीबोर्ड ओढला, इंटरनेटवरून एक आयती म्हैस उतरवली आणि पडद्यावरच्या यंत्राच्या बरोब्बर मधोमध उभी केली.

"हा काय पोरखेळ?" इनामदार ओरडले.

"तपासणी तुमचीच आहे सर, तिला मी हात लावलेला नाही." तिनं बटण दाबलं.

यंत्राचा हात म्हशीच्या पोटात शिरला, शेपटीकडून बाहेर पडला आणि पिशवी ठेवून परतला. खाली हिरवी अक्षरं : टक्कर शून्य.

इनामदारांनी तपासायला मोजकेच भाग निवडले होते; बाकी कशाकडे कॉम्प्युटर बघतच नव्हता. शर्वाणीनं म्हैस काढली, सगळे भाग निवडले आणि यंत्र पुन्हा चालवलं. हात खांबावर आदळला, पडदा लाल झाला.

अण्णांनी पेनाला टोपण लावलं.

"केसाचं मला ठाऊक नाही, सर," शर्वाणी म्हणाली, "पण म्हैस सुटली."